न्यूहॅमचे अज्ञात घरमालक

2012च्या उन्हाळ्यात सगळं जग लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधलं ऑलिम्पिक बघत होतं. ते स्टेडियम ज्या न्यूहॅम बरोच्या हद्दीत येतं, तिथल्या पालिकेपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. आपल्याकडे भाड्याने दिलेली घरं किती आणि ती कुणाची? 2011च्या जनगणनेत तिथली साधारण एक तृतीयांश कुटुंबं खाजगी घरमालकांकडे भाड्याने राहत होती. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण याच्या जवळपास निम्मं होतं. परसातल्या शेडमध्ये खाटा टाकून भाडं उकळणारेही सापडत होते.

कायदा होता, पण त्याला पळवाट होती. 2006पासून सक्तीचा परवाना लागू झाला तो सामायिक घरांना, आणि तेही तीन मजले व पाच माणसं असतील तरच. पूर्व लंडनमधली रांगेतली घरं बहुतेक दुमजली. आत कितीही माणसं कोंबा, एका मजल्याच्या फरकाने मालक सुटायचा. ही मजल्यांची अट जायला 2018 उजाडलं.

2004च्या गृहनिर्माण कायद्यात दुसरीही एक वाट होती: एखाद्या भागातल्या सरसकट सगळ्या भाड्याच्या घरांना परवाना लावण्याची. गंमत अशी, की त्यासाठी ‘घरं राहण्याच्या लायकीची नाहीत’ हे कारण चालत नसे. घरांना मागणी नाही, किंवा वस्तीत उपद्रवी वर्तन वाढलं आहे, यांपैकी एक दाखवावं लागे. न्यूहॅमने उपद्रवाचं कारण पुढे केलं. 2010मध्ये लिटल इलफर्ड या एका वॉर्डात प्रयोग झाला आणि 1 जानेवारी 2013पासून महापौर सर रॉबिन वेल्स यांच्या पालिकेने तो सबंध बरोला लागू केला. इंग्लंडमध्ये इतक्या सरसकट परवाना लावणारी ही पहिलीच पालिका. शुल्क पाच वर्षांचं: वेळेत येणाऱ्याला 150 पौंड, रेंगाळणाऱ्याला 500.

अर्ज आले आणि पालिकेला आपलंच गाव नव्याने कळलं. घरमालकांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. जे आले नाहीत, त्यांना शोधायला कौन्सिल टॅक्स आणि गृहभत्त्याच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघितल्या गेल्या. योजनेची खरी ताकद इथेच होती. भिंतीची ओल कुणामुळे आली यावर न्यायालयात महिनोन्‌महिने वाद घालता येतो. परवाना आहे की नाही, यावर वाद घालायला जागाच नसते. पाच वर्षांत हजाराहून अधिक खटले भरले गेले आणि 28 घरमालकांना बरोत घर भाड्याने देण्यास मनाई झाली. विनापरवाना मालकाला बिनकारणाची घर सोडण्याची नोटीस देता येत नसे, आणि भाडेकरूला बारा महिन्यांपर्यंतचं भाडं परत मागता येई.

तरीही परवाना म्हणजे घराच्या दर्जाची हमी नव्हे. पैसे आणि अर्ज आले की बहुतेकांना परवाना मिळे. पाहणी पुढे कधीतरी, निरीक्षक मोकळा होईल तेव्हा. सरळ मालक शुल्क भरतो आणि लबाड लपून राहतो, ही घरमालक संघटनांची तक्रार म्हणूनच सहज उडवून लावण्यासारखी नव्हती.

लंडनमधल्या इतर पालिकांनीही हा कित्ता गिरवायला घेतला, पण एनफील्डची योजना 2014मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. कारण काय, तर हद्दीबाहेरच्या ज्या लोकांवर परिणाम होणार होता, त्यांचं म्हणणं नीट मागवलं नव्हतं. एप्रिल 2015पासून केंद्र सरकारनेही लगाम खेचला: क्षेत्राच्या किंवा भाड्याच्या घरांच्या 20 टक्क्यांहून मोठ्या योजनेला मंत्र्यांची मंजुरी हवी. त्याच सुमारास घरांची वाईट अवस्था हे कारण मात्र अखेर ग्राह्य धरलं गेलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं! योजनेच्या 2018च्या नूतनीकरणात न्यूहॅमला ऑलिम्पिक पार्कचा नवा, चकचकीत भाग वगळावा लागला. त्याच वर्षी रिचमंडच्या एका खटल्यात न्यायालयाने बजावलं, की योजना चालवण्याचा खर्च अर्जासोबतच आगाऊ घेता येणार नाही. तेव्हापासून अनेक पालिका शुल्क दोन हप्त्यांत घेतात.

डिसेंबर 2024मध्ये मंत्र्यांच्या मंजुरीची अट उठली. ऑक्टोबर 2025मध्ये संमत झालेल्या भाडेकरू हक्क कायद्यात खाजगी घरमालकांच्या देशव्यापी नोंदणीची तरतूद आहे. तिथे नाव आणि शुल्क दिल्यावर पालिकेचा परवाना पुन्हा वेगळा कशाला, असा घरमालकांचा सवाल आहे. नोंदणीने मालकाचा पत्ता कळेल, पण घरात किती माणसं राहू शकतील याची अट घालायला परवानाच लागतो, असं पालिकांचं उत्तर.