दूरस्थ घरासाठी सौर पॅनेल कोणते?

राजस्थानात जैसलमेरच्या पलीकडे, थरच्या वाळवंटात, ज्या लहान वस्त्या विखुरलेल्या आहेत त्यांस तेथील भाषेत ‘ढाणी’ असे म्हणतात. दोनचार घरांच्या एखाद्या ढाणीसाठी मैलोगणती विजेचे खांब रोवण्यापेक्षा छपरावर सौर पॅनेल बसवावे, दिवसा मिळणारी वीज बॅटरीत साठवावी व रात्री दिवे लावावे, हे सोयीचे पडते. परंतु पॅनेल घ्यावयास गेलेल्या मनुष्यासमोर एकस्फटिकी, बहुस्फटिकी व पातळ थराचे अशा तीन जाती ठेवल्या जातात आणि दुकानदार बहुधा कार्यक्षमतेचा आकडा पुढे करतो. तो आकडा खोटा नसतो. मात्र अशा घराच्या दृष्टीने तो दुय्यम होय.

वितळलेल्या सिलिकॉनमधून एकच अखंड स्फटिक सावकाश वर ओढून काढतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. त्यांपासून एकस्फटिकी घट होतो. स्फटिक ओढण्याची ही रीत पोलिश शास्त्रज्ञ यान चोखराल्स्की यांना १९१६ साली सापडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअरसन यांनी १९५४ साली जो सिलिकॉनचा घट जगापुढे ठेवला, तो अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ६ टक्के शक्तीचेच विजेत रूपांतर करी. आजची चांगली एकस्फटिकी पॅनेले २० ते २३ टक्के करतात. सिलिकॉन साच्यात थिजवून केलेला बहुस्फटिकी घट निळसर असून त्याचे कण निरनिराळ्या कोनांत चमकतात. त्याच्या पॅनेलांची कार्यक्षमता १५ ते १७ टक्के असे; अलीकडे ही जात बाजारातून मागे पडत चालली आहे. तिसऱ्या जातीत काचेवर अस्फटिकी सिलिकॉनचा किंवा कॅडमियम टेल्युराइडचा अतिशय पातळ लेप असतो.

आता येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पॅनेलावर ‘१०० वॅट’ असे लिहिलेले असेल, तर जात कोणतीही असो, ठरावीक परीक्षेत ते १०० वॅटच देते. कार्यक्षमता सांगते ती केवळ जागा. २० टक्क्यांच्या पॅनेलास अर्धा चौरस मीटर पुरतो, तर ७ टक्क्यांच्या अस्फटिकी पॅनेलास सुमारे दीड चौरस मीटर लागतो. वाळवंटात जागेची वाण नाही; पण मोठ्या पॅनेलास आधाराचे लोखंड अधिक लागते, तो खर्च विसरू नये.

ती परीक्षा घेताना घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस ठेवतात. जैसलमेरच्या वैशाखात भर दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापते. स्फटिकी सिलिकॉनची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.४ टक्का घटते. म्हणजे ४० अंशांच्या वाढीत १०० वॅटचे ८४ उरतात. अस्फटिकी सिलिकॉनचा तोटा याच्या जवळजवळ निम्मा असतो. मात्र त्याला एक खोड आहे : उन्हात ठेवल्यावर पहिल्या काही महिन्यांतच त्याची शक्ती १० ते ३० टक्क्यांनी उतरते व मग बरीचशी स्थिरावते. स्टेब्लर व रॉन्स्की यांनी १९७७ साली हा परिणाम प्रसिद्ध केला.

वॅटइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व व्होल्टला आहे. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरावयास सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. ३६ घटांचे स्फटिकी पॅनेल परीक्षेत १८ व्होल्ट देते, आणि हा दाब पाहून बारा व्होल्टसाठी एवढा कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु प्रत्येक घटाचा दाब दर अंशामागे सुमारे २.२ सहस्रांश व्होल्टने पडतो. ६५ अंशांवर ३६ घट १४.८ व्होल्टपर्यंत उतरतात. तरी बॅटरी भरते. ३३ घटांचे पॅनेल मात्र १३.६ वर येते आणि ऐन उन्हाळ्यात, सूर्य आग ओकत असता, बॅटरी अर्धवटच भरते. अशी वारंवार अपुरी भरलेली बॅटरी लवकर निकामी होते, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च ढाणीतील कुटुंबास पॅनेलाच्या किमतीहून जड जातो.

उलट, शहरी छपरांसाठी केलेली ६० घटांची पॅनेले सुमारे ३० व्होल्ट देतात. असे पॅनेल साध्या नियंत्रकातून बारा व्होल्टच्या बॅटरीस जोडल्यास त्याची निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते. तेथे कमाल शक्तीचा बिंदू शोधणारा, महाग का होईना, पण योग्य नियंत्रकच हवा.

लडाखात द्रास येथे प्रश्न उलटा होतो. उणे २० अंशांत ३६ घटांच्या पॅनेलाचा मुक्त दाब २२ व्होल्टवरून सुमारे २५.६ वर चढतो. अशी चार पॅनेले एकापुढे एक जोडल्यास ८८ ऐवजी १०२ व्होल्ट होतात आणि १०० व्होल्टची मर्यादा असलेला नियंत्रक हिवाळ्यातील एखाद्या लख्ख सकाळी जळून जाण्याचा संभव असतो. म्हणून तेथे तीनच जोडावीत.