खनिज निधी म्हणजे दान नव्हे

ऊर्जानगरच्या वीज केंद्राला कोळसा पुरवणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ (खाणबाधितांसाठीचा न्यास) म्हणजे सरकारी मदत किंवा कंपनीची देणगी, असा समज आढळतो. तो स्वाभाविक आहे, कारण पैसा प्रशासनामार्फतच खर्च होतो. पण खाण कायद्यातील २०१५च्या दुरुस्तीनुसार हा पैसा खाणपट्टेधारक स्वामित्वधनाव्यतिरिक्त (खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेखेरीज) भरतो. भाडेकरूने भाड्याशिवाय घराच्या डागडुजीसाठी वेगळी रक्कम द्यावी, तसा. मार्च २०२०मध्ये केंद्र सरकारने यातील शिल्लक रकमेच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम कोरोनासाठी वापरायला मुभा दिली. साथीत रुग्णसेवाच पहिली, हा युक्तिवाद मला मान्य आहे. धूळ झेललेल्या फुप्फुसांना तर ती अधिकच हवी. मात्र डागडुजीची रक्कम अडचणीत वापरली, तरी घराची झीज थांबत नाही. म्हणून साथीनंतरच्या उभारणीत पाणी, आरोग्य आणि रोजगारासाठी या निधीवर पहिला हक्क खाणीलगतच्या गावांचाच, आणि खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मांडलाच पाहिजे.