दुव्याभोवतीचे शब्द

पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले सौमेन चक्रवर्ती यांनी १९९८ साली अमेरिकेत असताना सहकाऱ्यांसमवेत लिहिलेल्या शोधनिबंधात, एका संकेतस्थळाने दुसऱ्यास दिलेला दुवा हे शिफारसपत्र मानून, त्याच्या आगेमागे कोणते शब्द आले आहेत याचाही हिशेब धरला होता. आणि लहान व्यावसायिकाने ध्यानात ठेवावे असे मर्म, माझ्या मते, हेच. मुलुंडला घरगुती फराळ विकणाऱ्या एखाद्या बाईंच्या संकेतस्थळाला जवळच्या मंगल कार्यालयाने ‘येथे पाहा’ एवढ्यावर न भागवता ‘मुलुंड पूर्वेतील भाजणीची चकली’ असे लिहून दुवा दिला, तर शोधयंत्रास विषय व ठिकाण दोहोंचा दाखला मिळतो. त्यातले ‘पूर्व’ विशेष मोलाचे. दिवाळीच्या गर्दीत रूळ ओलांडून पश्चिमेस जाण्यास कोण राजी होईल? शोधनिकालांतला क्रमांक वाढविण्यासाठी पैसे मोजून मिळविलेली शिफारस मात्र गूगलच्या नियमांत बसत नाही.