फूटपाथच्या खटल्यात कोण जिंकलं?

ऑल्गा टेलिस खटला म्हटला की कायद्याचा विद्यार्थी झटकन सांगतो : १९८५, अनुच्छेद २१, उपजीविकेचा हक्क. उत्तर बरोबरच आहे. पण त्याच निकालाने फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली, हे सांगणारा विरळा. हा निकाल शेवटच्या आदेशापर्यंत वाचायला हवा.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी धाडण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात तोडकाम सुरू झालं. माणसांना गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेलं, असं याचिकेत म्हटलं होतं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले.

पालिकेच्या हाती १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३१४ होतं. रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्तांना नोटीस न देताही हटवता येतं, असं ते सांगतं. घुसखोरांचं ऐकून काय घ्यायचं, हा पालिकेचा युक्तिवाद. शिवाय फूटपाथवर आपला हक्क नाही, अशी कबुली काहींनी उच्च न्यायालयात दिली होती. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ती कबुली बाजूला ठेवली : मूलभूत हक्क कुणाला लिहून देऊन सोडता येत नाहीत. आणि पोटापाण्याचं साधन हिरावलं तर अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क उरतोच कुठे? १९७६ च्या जबलपूर प्रकरणात, आणीबाणी असताना त्याच हक्कासाठी दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या बहुमतात चंद्रचूड होते. नऊ वर्षांतलं हे अंतर पाहून आजही थबकायला होतं.

कलम ३१४ मात्र रद्द झालं नाही. नोटीस हा नियम आणि विनानोटीस कारवाई हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावून ते वैध ठरवलं. मग या लोकांचं म्हणणं ऐकायला हवं होतं का? हवं होतं. पण ते आम्हीच ऐकलं, आता आयुक्तांनी पुन्हा ऐकायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. मला हे पटत नाही. कुठलं कुटुंब किती वर्षं तिथे आहे, काम किती अंतरावर आहे, मुलं कुठल्या शाळेत जातात, हे दिल्लीतल्या घटनात्मक युक्तिवादातून कसं कळणार?

१९७६ च्या झोपडपट्टी-गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या, पण ती तोडकामाची पूर्वअट नव्हे. ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, झोपड्यांना हात लावू नका. १० जुलै १९८५ च्या त्या निकालाने फूटपाथवासीयांना प्रत्यक्षात दिलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी चंद्रचूड निवृत्त झाले.

पुढे १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयातच न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी आरोपींची घरं पाडणाऱ्या बुलडोझर कारवायांना वेसण घातली. १५ दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, पाडकामाचं चित्रीकरण. डोक्यावरचं छप्पर हा अनुच्छेद २१ चाच भाग, असंही सांगितलं. मात्र रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदी-जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. ज्यांच्या खटल्यातून हा विचार उभा राहिला, तेच बाहेर राहिले. मुंबईच्या फूटपाथवासीयांसाठी आजही मोठा आधार आहे तो चंद्रचूडांनी कलम ३१४ ला घातलेल्या नोटिशीच्या बंधनाचा. पालिकेची गाडी आली, तर त्यांच्या वकिलाने उपजीविकेवरचे परिच्छेद वाचण्याआधी नोटिशीची प्रत मागावी.