पाणी कुठून आलं हे विचारणं म्हणजे अपमान का? ख्रिस्ती-नास्तिक वाद आणि आपण

हिंगणा (नागपूर) : कुणी सहज बोलता बोलता ‘मी देव मानत नाही’ म्हणालं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, मग हा माणूस भरवशाचा कसा? आणि कुणी ‘मी दर रविवारी चर्चला जातो’ म्हणालं की देव न मानणाऱ्याच्या मनात येतं, हा काही स्वतःच्या डोक्याने विचार करत नसणार. हिंगण्याच्या एमआयडीसीत वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकाच शिफ्टला काम करतात आणि शेजारी बसून डबा खातात. तिथे हे प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही. विचारले जातात ते पाठीमागे, आणि गैरसमज वाढतो तो तिथेच.

ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्या भांडणाशी आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण आपल्याच राज्यात २०१२ मध्ये हे भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. ज्या कलमाखाली तक्रारी झाल्या, त्या कलमाचा जन्म मुसलमानांच्या दुखावलेल्या भावनांमधून झाला होता. म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

इर्ल्यात काय घडलं?

मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला भागात वेलंकनी मातेचं चर्च आहे. मार्च २०१२ मध्ये तिथल्या क्रुसावरच्या येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब पडायला लागले. बातमी पसरली, गर्दी झाली. लोक ते पाणी श्रद्धेने गोळा करू लागले, काहींनी प्राशनही केलं.

टीव्ही-९ वाहिनीने सनल एडामरुकू यांना बोलावलं. ते मूळचे केरळचे आणि इंडियन रॅशनलिस्ट असोसिएशनचे अध्यक्ष. त्यांचे वडील जोसेफ एडामरुकू हे ख्रिस्ती घरात जन्मले आणि पुढे नामांकित बुद्धिवादी लेखक झाले. सनल यांनी जागा पाहिली. जवळ पाण्याचा निचरा तुंबलेला होता आणि भिंतीत ओल होती. त्यांनी सांगितलं की हेच पाणी भिंतीतून आणि मूर्तीच्या आधारातून वर चढून पायांशी बाहेर पडतंय. दिव्याची वात तेल वर ओढते किंवा बिस्किटाचं एक टोक चहात बुडवलं की वरचा भागही ओला होतो, तसाच हा प्रकार. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात.

गोष्ट इथे थांबली असती तर एखाद्या प्लंबरला बोलावून मिटली असती. पण पुढे टीव्हीवर चर्चा झाली. सनल यांनी चर्चवर चमत्काराचा बाजार मांडल्याचा, त्यातून पैसा करण्याचा आणि विज्ञानाला विरोध केल्याचा आरोप केला. चर्चच्या बाजूने माफीची मागणी झाली, त्यांनी नकार दिला. त्यानंतर मुंबईत काही कॅथलिक संघटनांनी आणि व्यक्तींनी भारतीय दंड विधानाच्या कलम २९५-अ खाली तक्रारी केल्या. त्यांनी माफी मागितली तर तक्रारी मागे घ्यायला लोकांना सांगू, अशी भूमिका बॉम्बे आर्चडायोसिसने घेतली. माफी आली नाही, तक्रारीही राहिल्या. त्याच वर्षी सनल फिनलंडला गेले आणि तिथेच राहिले.

दोन्ही बाजूंचं दुखणं

आता जरा थांबून दोघांच्या जागी उभं राहून पाहू.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. लहान समाजाला टीव्हीवरची टीका फक्त टीका म्हणून ऐकू येत नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. २००८ मध्ये कंधमालमध्ये चर्च आणि घरं जळाली. इतकं सोसलेल्या माणसाला ‘तुमचे धर्मगुरू पैसे कमावतात’ हे वाक्य पुढच्या हल्ल्याची तयारी वाटू शकतं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शिवाय एक गोष्ट टीकाकारांच्या लक्षात आली नाही. चर्चने या पाण्याला अधिकृतपणे चमत्कार म्हटलंच नव्हतं. कॅथलिक चर्चमध्ये चमत्कार मान्य करण्याची प्रक्रिया लांबलचक असते आणि तिच्यात डॉक्टरांचं मतही घेतलं जातं. बिग बँगचा सिद्धांत पहिल्यांदा मांडणाऱ्यांपैकी एक, जॉर्ज लमेत्र, हे स्वतः कॅथलिक पाद्री होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठात राहणारे साधू होते. त्यामुळे ‘चर्च म्हणजे विज्ञानाचं शत्रू’ असं एका वाक्यात म्हणणं खरं नव्हतं, आणि ते ऐकणाऱ्याला लागलं.

आता दुसरी बाजू. देव न मानणारे आपल्याकडे ख्रिस्ती समाजापेक्षाही कितीतरी कमी. २०११ च्या जनगणनेत स्वतःहून ‘नास्तिक’ अशी नोंद केलेले लोक साऱ्या देशात जेमतेम ३३ हजार. त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त महाराष्ट्रात. त्यांच्यामागे ना मोहल्ला, ना मतपेढी. आणि विवेकाची भाषा बोलणाऱ्यांवर गोळ्याही झाडल्या गेल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षी धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी. अशा माणसाला अटकेची टांगती तलवार दिसली की तो देश सोडायचा विचार करतो, यात नवल काय?

सनल फक्त ख्रिस्ती धर्माच्या मागे लागले होते, हा समजही चुकीचा होता. २००८ मध्ये त्यांनी टीव्हीवर एका तांत्रिकाला ‘मंत्राने मला मारून दाखव’ असं आव्हान दिलं होतं. मंत्र बराच वेळ चालले, सनल हसत बसून राहिले. म्हणजे त्यांचा प्रश्न सगळ्यांनाच होता.

गैरसमजाची गाठ कुठे बसली?

इर्ल्यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे एका दाव्याची तपासणी झाली. पाणी कुठून येतंय? ते पिण्यालायक आहे का? या प्रश्नाने कुणाचा धर्म बुडत नाही. उलट तुंबलेल्या गटाराचं पाणी लेकराच्या तोंडात जाऊ नये, ही आईबापाची काळजी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे एका समाजाच्या धर्मगुरूंवर सरसकट आरोप झाले. पहिलीमुळे जे चांगलं घडू शकत होतं, ते दुसरीने धुऊन नेलं.

तक्रार करणाऱ्यांनीही तीच गल्लत उलट बाजूने केली. आरोपाला उत्तर देता आलं असतं. हिशोब दाखवता आला असता, चर्चने चमत्कार जाहीर केलेला नाही हे ठणकावून सांगता आलं असतं. पण प्रकरण पोलिसांत गेलं आणि जगभर बातमी झाली ती अशी की, पाणी गळतीचं कारण सांगणाऱ्या माणसाला भारत सोडावा लागला. चर्चची बाजू कुणी ऐकलीच नाही. पोलीस तक्रारीने चर्चची प्रतिष्ठा वाढली नाही, घटली.

आपल्या महाराष्ट्रात या दोन प्रवाहांचं वैर अटळ नव्हतं. महात्मा जोतिबा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्याच फुल्यांनी थॉमस पेन वाचला, जो बायबलवर कडक टीका करणारा लेखक होता. मिशनऱ्यांकडून त्यांनी शिक्षण घेतलं, पेनकडून माणसाच्या हक्कांचा विचार घेतला, आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उभा केला. त्या समाजाने निर्मिक मानला, पण मधल्या दलालाला नकार दिला. दोन्हीकडून चांगलं ते घेता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

कलम २९५-अ आणि आपण

१९२० च्या दशकात लाहोरमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांची बदनामी करणारं एक पुस्तक निघालं. मुसलमानांमध्ये प्रचंड संताप होता. पण तेव्हाच्या कायद्यात नेमकी तरतूद नसल्याने १९२७ मध्ये प्रकाशक हायकोर्टातून सुटला. त्यानंतर त्याच वर्षी २९५-अ हे कलम आलं. कायदा होताना सभागृहातच इशारा दिला गेला होता की प्रामाणिक टीका आणि अभ्यास यांना याचा फटका बसू नये. म्हणूनच कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ केलेला अपमान असे शब्द आहेत. नुसतं मन दुखावलं एवढं पुरेसं नाही. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलं तेही याच शब्दांच्या आधारावर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९९ म्हणून आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

म्हणजे आपल्या संरक्षणासाठी आलेलं कलम ८५ वर्षांनी एका समाजाने गळतीचं कारण सांगणाऱ्यावर वापरलं. उद्या तेच कलम एखाद्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून आपल्या पोरावर लागू शकतं. जो कायदा आपण दुसऱ्यावर सैल हाताने वापरलेला खपवून घेतो, तो आपल्यावरही तितक्याच सैल हाताने वापरला जातो. म्हणून ‘दुष्ट हेतू’ या शब्दांचा आग्रह धरणं आपल्या फायद्याचं आहे.

नागपुरात झालेला कायदा काय सांगतो?

दाभोलकरांच्या हत्येनंतर राज्य सरकारने लगेच वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये इथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. प्रा. श्याम मानव यांचं अंधश्रद्धा निर्मूलनाचं कामही नागपूरचंच. तरी या कायद्याबद्दल आपल्याकडे, ख्रिस्ती वस्त्यांत आणि वारकऱ्यांतही एकच भीती होती की नास्तिकांनी धर्म बंद करायला हा कायदा आणलाय.

कायदा उघडून पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. प्रार्थना, उपासना, यात्रा, कीर्तन, प्रवचन, धार्मिक शिक्षण यांना तो हात लावत नाही. घर, मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, पॅगोडा, चर्च इथले विधी, ज्यांनी कुणाला इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, ते सूट म्हणून नावानिशी लिहिले आहेत. होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगण्यालाही बंदी नाही. बंदी आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याला, चमत्काराच्या दाव्याने लुबाडण्याला, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देण्याला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. या कायद्याने दावा आणि श्रद्धा वेगळी केली. इर्ल्यात नेमकं हेच झालं नाही.

आपल्या घरात हा प्रश्न आला तर

आपण यातून बाहेर नाही. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून हजारो लोक ते प्यायला धावले. कित्येकांनी तो हजरत मखदूम बाबांचा चमत्कार मानला. ती खाडी मिठी नदीची, तिच्यात शहराची घाण येते. पावसाळ्यात नदीचं पाणी आलं की खारटपणा कमी होतो. पिऊ नका, असं प्रशासन सांगत होतं. तेव्हा तपासा म्हणणारा माणूस बाबांचा दुश्मन होता का?

आपल्या दीनमध्ये याचं उत्तर आहे. प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतोय. बापाचं काळीज फाटलेलं असताना प्रेषितांनी (स.) तो समज तिथेच मोडला. सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मामृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या बाजूचा वाटणारा चमत्कारही खरा नसेल तर नाकारायचा, हा तो धडा. आणि सूरह अनआममध्ये दुसऱ्यांच्या आराध्यांना शिव्या देण्याची मनाई आहे, कारण तेही अज्ञानातून उलट बोलतील. तपासही करा आणि जीभही सांभाळा, दोन्ही एकत्र.

उद्या कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणाली, ‘अब्बू, माझी मैत्रीण देव मानत नाही’, किंवा स्वतःच्याच मनातली शंका बोलली, तर आवाज चढवण्याआधी ऐकून घ्या. उत्तर माहीत नसेल तर ‘शोधून सांगतो’ म्हणा. इमाम अबू हनीफा यांनी देव न मानणाऱ्या दहरियांशी वाद घातल्याच्या गोष्टी आपल्या घराघरात सांगितल्या जातात. त्या गोष्टींत इमाम बोलावणं टाळत नाहीत, जातात, आणि युक्तिवादाने उत्तर देतात.

कुठल्याही समाजाबद्दल चमत्काराचा किंवा अपमानाचा व्हिडिओ मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. इथे दावा तपासला जातोय की माणसाला हिणवलं जातंय? आणि हे खरं आहे हे मला कसं कळलं? ख्रिस्ती शेजाऱ्याची टिंगल करणारा व्हिडिओ असो की देव न मानणाऱ्याला धमकावणारा, आपल्या फोनवरून तो पुढे जाऊ नये. हिणवलं जाणं काय असतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.