केंद्रकाच्या वेशीवर

व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाल्यापासून सूक्ष्म-आरएनएचे जे कौतुक चालले आहे ते रास्तच आहे. तथापि १९९३ साली एका इवल्या सूत्रकृमीत ओळखल्या गेलेल्या या रेणूच्या हाती प्रथिननिर्मितीची सारी सूत्रे आहेत, असा जो ग्रह वृत्तपत्रांनी करून दिला, त्याला थोडी मुरड घातली पाहिजे. या रेणूचे अपक्व रूप केंद्रकाबाहेर येते तेच मुळी ‘एक्स्पोर्टिन-५’ या प्रथिनाचा हात धरून, आणि पुढे ‘आर्गोनॉट’ या दुसऱ्या प्रथिनाच्या आश्रयास गेल्यावाचून त्याचा अंमल कोणावरही चालत नाही.

केंद्रकाच्या दुहेरी पटलातील रंध्रे ही नुसती भोके नव्हेत. सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या हजारएक रेणूंनी उभारलेला हा जकातनाका बारीकसारीक मालाला मोकळे सोडतो, पण जनुकावरून उतरलेल्या संदेशवाहक आरएनएला, त्यास चिकटणाऱ्या प्रथिनांनी परवाना मिळवून दिल्याखेरीज, सोडत नाही. २०१० साली डेव्हिड ग्रुनवाल्ड आणि रॉबर्ट सिंगर यांनी एकेका रेणूचे हे निर्गमन टिपले, तेव्हा त्याला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही, आणि तेवढ्यातलाही बहुतेक काळ रंध्र ओलांडण्यात नव्हे तर अलीकडे-पलीकडे खोळंबण्यात जातो, असे दिसले. नाक्यांचा अनुभव असलेल्या वाचकांस याचे नवल वाटू नये.

या विषयातले माझे आवडते पुरुष गुंटर ब्लोबेल. १९४५ साली पोरवयात ज्या ड्रेस्डेनची आग त्यांनी दुरून पाहिली, त्याच्या चर्चच्या आणि सिनेगॉगच्या उभारणीसाठी १९९९ च्या नोबेलची रक्कम देऊन टाकणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये असा तर्क मांडला होता, की रंध्रे ही केवळ निर्गमनाची द्वारे नसून, कोणत्या जनुकाचा संदेश कोणत्या वाटेने बाहेर पडावा, हेही तीच ठरवीत असावीत. यीस्टमध्ये काही जनुके कार्यान्वित होताच रंध्रापाशी येतात हे पुढे आढळले. प्राणिपेशींत हिशेब तितका सरळ जमत नाही, कारण तेथे रंध्रांतलीच काही प्रथिने केंद्रकाच्या गाभ्यात जाऊन जनुकांना गाठतात. तरीही हा तर्क, त्याच्या अपुऱ्या पुराव्यासकट, मला मोलाचा वाटतो.

स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे सर्वश्रुत झालेल्या एएलएस या व्याधीत बहुतांश रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ हे आरएनएला चिकटणारे प्रथिन केंद्रकातला आपला हुद्दा सोडून बाहेर गोळा होते, हे २००६ साली उघडकीस आले. त्याच्या गैरहजेरीत स्टॅथमिन-२ या, चेतातंतूंच्या डागडुजीस अवश्य असलेल्या प्रथिनाच्या संदेशात भलताच तुकडा शिरतो, संदेश अर्ध्यावर खुंटतो आणि प्रथिन घडतच नाही, हे कळायला २०१९ उजाडले. अशा पेशींच्या केंद्रकरंध्रांतही दिसणारा बिघाड या अनर्थाचे कारण की परिणाम, यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. परंतु तो तुकडा झाकून संदेश पूर्ववत करण्याची युक्ती २०२३ मध्ये उंदरांत साधली आहे, आणि नोबेलच्या गजरात कोणी फारशी न छापलेली ही बातमी मला तरी अधिक आशेची वाटते.