बाटलीतले ऑक्टेन आणि चंद्रपूरचे ऊन

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर गेला की गॅरेजमध्ये एक ठरलेली तक्रार येऊ लागते : गाडी ओढून नाही राहिली. गाडी बहुधा टर्बो पेट्रोल असते, एक लिटरच्या आसपासच्या इंजिनाची. सकाळी रिकाम्या रस्त्यावर ती सुसाट पळालेली असते. दुपारी मात्र एसी लावून, चार माणसे बसवून, गोंडपिपरी-आष्टी मार्गावर मालट्रकला मागे टाकायचे म्हटले की पाय दाबूनही जोर येत नाही. मग कुणीतरी ऑक्टेन बूस्टरची बाटली सुचवते. तीनशे मिलिलिटरची, चकचकीत लेबलाची, टाकीत ओतायची आणि निघायचे.

अनुभवी मिस्त्री बाटलीकडे वळण्याआधी स्कॅनर काढतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो जोडला की पडद्यावर इंजिनाचे आकडे धावू लागतात. त्याची नजर दोनच ठिकाणी असते : आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि ठिणगीचे टायमिंग. गाडी चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर घेऊन जोरात पाय दाबायचा. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते. तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरवर बाहेरून येणारा वाराच 46 अंशांचा, त्यामुळे ती साठीच्या खाली यायला तयार नसते. त्यात कोळशाची धूळ आणि चिखल इंटरकूलरच्या जाळीत बसलेला असला तर आणखी वाईट. इतक्या तापल्या हवेत पेट्रोलचा काही भाग वेळेआधीच, आपोआप भडकतो. हेच नॉकिंग. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तो हादरा टिपतो आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, लगेच ठिणगी काही अंश मागे घेतो. इंजिन वाचते, जोर मात्र जातो. चालकाला जाणवलेला मंदपणा तो हाच.

पेट्रोल हे आपोआप भडकणे किती थोपवून धरते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. तेव्हा बाटलीने ते वाढेल ही आशा अगदीच खुळी नाही. पण हिशेब करून पाहावा. पुष्कळशा बाटल्यांवर ‘30 पॉइंट’ असे काही छापलेले असते. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा, म्हणजे दावा झाला तीनचा. आता समजा, बाटलीत शुद्ध टोल्युइन आहे. त्याचे ऑक्टेन 120 च्या घरात. चाळीस लिटरच्या टाकीत तीनशे मिलिलिटर म्हणजे पाऊण टक्का. 95 चे पेट्रोल त्याने 95.2 च्या आत-बाहेर जाते, पुढे नाही. टोल्युइनने दोन-अडीच अंक वर न्यायचे तर टाकीत चार लिटर ओतावे लागेल.

थोड्या थेंबांत खरोखर परिणाम करणारी द्रव्ये वेगळी असतात, आणि ती धातूंची असतात : मँगनीजचे एमएमटी, लोखंडाचे फेरोसीन. त्यांची खूण स्पार्क प्लगवर सापडते. प्लग काढून उजेडात धरला की चिनीमातीच्या पांढऱ्या नाकावर विटकरी थर दिसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. लोखंडाचा थर वीज वाहून नेतो, म्हणून ठिणगी फटीतून उडायची सोडून थरावरून निसटते आणि गाडी मिसफायर करते. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही यातून सुटत नाहीत. युरोपीय संघाने पेट्रोलमधल्या मँगनीजवर लिटरमागे दोन मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती उगाच नव्हे.

धातू घालून ऑक्टेन वाढवण्याचा मोह जुना आहे. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने शिशाचे संयुग घालून नॉकिंग थांबवले. अल्कोहोलनेही ते थांबते हे त्या काळीही माहीत होते. तरी पुढची कित्येक दशके जगाने शिसे जाळले. भारतातले पेट्रोल शिसेमुक्त झाले ते 2000 साली. आणि आता तेच अल्कोहोल इथेनॉल म्हणून पंपावर परत आले आहे. बीएस-6 च्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन 91 होते, वीस टक्के इथेनॉलच्या ई-20 साठी ते 95 ठरले. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात हा गारवा थेट सिलिंडरमध्ये मिळतो. म्हणजे चंद्रपूरकराच्या टाकीत बूस्टर आधीच आहे, फुकट. किंमत मोजावी लागते ती मायलेजमध्ये, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी.

पेट्रोलमधले हे इथेनॉल डोळ्यांनी पाहता येते. शंभर मिलिलिटरच्या मोजनळीत वीस पाणी आणि ऐंशी पेट्रोल घालून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला मिळते आणि तळाची रेष वीसवरून छत्तीसच्या आसपास चढते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले तर आत हेच घडते : इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी बसते, वर उरते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. ताडोब्याच्या बाजूला रिसॉर्टवर महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी याची धास्ती घ्यावी. पुन्हा बाटल्यांकडे वळायचे, तर सगळ्या बाटल्या मात्र एका मापाने मोजू नयेत. पॉलिइथर अमाइन असलेले क्लीनर इंजेक्टर खरोखर साफ करते. फक्त टीएसआय किंवा टी-जीडीआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवरचा कार्बन त्याने निघणार नाही. आणि ईसीयू रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवला असेल, तर ते मॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिले तेवढ्याचेच पेट्रोल लागते. 97 ते 100 चे पेट्रोल नेहमी मिळणार नसेल, तर साध्या पेट्रोलचे मॅप लिहून घेणे शहाणपणाचे.

गडचिरोलीत शिरल्यावर प्रश्न बदलतो. भामरागड, एटापल्लीकडे पंप दूरदूर, आणि आडगावात पेट्रोल दुकानातल्या प्लास्टिकच्या बाटलीतून मिळते. त्यात रॉकेल मिसळले असेल तर कुठलाही बूस्टर कामाचा नाही. रॉकेलचे ऑक्टेन इतके कमी की थोड्या भेसळीनेही टर्बो इंजिन टकटक करू लागते. सेन्सर किती सावरणार? पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या अशाच तुटतात. तेव्हा आलापल्लीच्या पुढे जायचे तर टाकी आधीच भरून घ्यावी, आणि नाइलाजाने बाटलीतले घातलेच तर पुढचा पंप येईपर्यंत पाय हलका ठेवावा.

भेसळ ओळखायला पंपावर फिल्टर पेपर मागावा. नॉझलचे तोंड पुसायचे, कागदावर एक थेंब टाकायचा. चांगले पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते, फार तर फिकट गुलाबी छटा उरते. गडद डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायची आणि घनता मोजून मागायची. नोंदवलेल्या घनतेशी ती घनमीटरमागे तीन किलोंच्या आत जुळली पाहिजे. या चाचण्या करून दाखवणे पंपचालकाला बंधनकारक आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. बूस्टरवर घालवायचे पैसे इंटरकूलर आणि रेडिएटरची जाळी धुऊन घेण्यावर खर्च करा, उन्हाळा लागायच्या आधी.